बॅरिअॅट्रिक सर्जरी: आधीची तयारी आणि नंतरचं घर

रानजाई

चौदा महिन्यांपूर्वी माझी गॅस्ट्रिक बायपास झाली, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडायचं ऑपरेशन. तेव्हा वजन ११८ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, नऊ वर्षांची साखर, रात्रीचं इन्सुलिन, आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून उशाशी सीपॅपचं यंत्र. आज वजन ८१ आहे. इन्सुलिन बंद होऊन वर्ष झालं, साखरेची एकच गोळी उरली आहे. यंत्र झोपेची तपासणी पुन्हा करून, डॉक्टरांनी सांगितल्यावरच बंद केलं.

मी ठरवत होते तेव्हा सगळीकडे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो मिळत होते. मधलं काही कोणी सांगत नव्हतं. म्हणून हा धागा. मला एवढंच ठामपणे सांगायचंय की पोट डॉक्टर बदलून देतात, घर आपल्याला बदलावं लागतं, आणि त्याची सुरुवात ऑपरेशनच्या आधी करावी लागते. मी ती थोडी केली होती, पुरेशी केली नव्हती.

आधी तपासण्या. रक्ताच्या, थायरॉइडच्या, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, पोटाची सोनोग्राफी, टू-डी एको, झोपेची तपासणी आणि एंडोस्कोपी. मला वाटायचं इतकी जाडजूड मी, मला कसली कमतरता असणार? ड जीवनसत्त्व एक आकडी निघालं, हिमोग्लोबिन साडेनऊ. एंडोस्कोपीत एच पायलोरी हा जठरातला जंतू सापडला, त्याच्या १४ दिवसांच्या गोळ्या झाल्या. या सगळ्यामुळे ऑपरेशन दीड महिना पुढे गेलं. तेव्हा जीव कासावीस झाला होता, आता वाटतं बरं झालं. रिकाम्या भांड्याने प्रवासाला निघाले असते.

समुपदेशक बाईंनी विचारलं, दिवसातलं कुठलं खाणं तुम्हाला आठवत नाही? मला प्रश्नच कळेना. मग लक्षात आलं, रात्री साडेदहाला ओटा आवरताना, उभ्या उभ्या, पातेल्याच्या तळाचा भात, उरलेली अर्धी पोळी, लेकीच्या ताटातली भाजी. टाकवत नाही म्हणून. वीस वर्षं मी एक अख्खं जेवण उभ्याने जेवत होते आणि ते कुठल्याच डाएटच्या वहीत लिहिलेलं नव्हतं. ऑपरेशननंतर माझ्या सर्वात जास्त उपयोगी पडलं ते हे एक वाक्य. आता रात्रीचा ओटा नवरा आवरतो.

शेवटचे पंधरा दिवस पातळ आहार. हा वजन उतरवण्यासाठी असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं कारण यकृत. चरबी साठून यकृताचा डावा भाग मोठा होतो आणि तो नेमका जठरावर आडवा येतो. दुर्बिणीतून काम करताना तो बाजूला धरावा लागतो. दोन आठवडे पिष्ट आणि चरबी तोडली की तो आकसतो, मऊ होतो. हे कळल्यावर मला ते दिवस पाळता आले, नाहीतर 'शेवटचंच तर आहे' म्हणून मी पुरणपोळी खाल्ली असती. पहिले चार दिवस डोकं ठणकत होतं, लेकीवर विनाकारण ओरडले. पाचव्या दिवसापासून भूक शांत झाली. साखरवाल्यांनी एक नक्की लक्षात ठेवा, खाणं कमी झालं की इन्सुलिनही कमी करावं लागतं, डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. माझी साखर एका पहाटे ६४ वर आली होती.

आणखी एक तयारी मी महिनाभर केली. घास लगदा होईपर्यंत चावायचा, घास तोंडात असताना चमचा खाली ठेवायचा, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. सोबत ते तीन गोळ्यांचं फुंकणीसारखं यंत्र, श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायचं. नंतर छातीत कफ साठू नये म्हणून हा सराव आधीपासून करायला सांगतात.

मग एका रविवारी घरच्यांना बसवून बोलले. सासूबाईंना म्हटलं, आई, मला आग्रह करू नका आणि माझ्यासाठी वाईटही वाटून घेऊ नका. त्या काही बोलल्या नाहीत. मी दवाखान्यातून घरी आले त्या दुपारी त्यांनी कपाटातून चांदीचं बोंडलं काढलं, नवऱ्याला लहानपणी ज्याने दूध पाजलं ते. चिंच लावून लख्ख घासलेलं. म्हणाल्या, "तुला घोटघोट प्यायचंय ना, हे घे."

त्यात काठोकाठ तीस मिली पाणी मावतं, मी औषधाच्या मापाने मोजलं. पंधरा मिनिटांत एक बोंडलं. दीड लिटर म्हणजे पन्नास बोंडली, म्हणजे साडेबारा तास. दिनदर्शिकेच्या पाठीमागे लेक रेघा मारायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी. पहिल्या दिवशी अठ्ठावीसच झाली. त्याच्यापेक्षा जास्त उतरत नव्हतं, छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं व्हायचं. पन्नासाव्या रेघेला नववा दिवस उजाडला. टाके, वेदना हे सगळं माझ्या आता नीट लक्षातही नाही, पण त्या रेघा आठवतात.

खाण्याचं थोडक्यात. दोन आठवडे पातळ: गाळलेलं मुगाचं कढण, ताक, प्रोटीन पावडर घातलेलं दूध. पुढचे दोन आठवडे लगदा: घोटलेलं वरण, सैलसर पिठलं, कुस्करलेलं अंडं, पनीर मिक्सरमधून. मग मऊ. दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण. प्रत्येक दवाखान्याचा तक्ता थोडा वेगळा असतो, आपल्याला मिळालेलाच पाळायचा. सगळीकडे सारखं ते प्रथिन आधी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. वाटीभर पोटात पहिली जागा वरणाची, पनीरची, अंड्याची, मग भाजी, आणि उरली तर भाकरी-भात. आपलं ताट याच्या बरोब्बर उलटं वाढलेलं असतं, भाताची मूद मधोमध आणि वरण वरून चमचाभर. घर बदलायचं म्हणते ते हेच.

चुलत नणंदेच्या लग्नात, तिसऱ्या महिन्यात, अर्धी वाटी बासुंदी खाल्ली. सगळे म्हणत होते एवढ्याने काय होतंय. वीस मिनिटांनी छाती धडधडायला लागली, घाम फुटला, पोटात मुरडा, डोळ्यांसमोर अंधारी. सामानाच्या खोलीत आहेराच्या साड्यांच्या गठ्ठ्यांवर तासभर आडवी पडून होते, बाहेर मंगलाष्टकं चाललेली. याला डंपिंग म्हणतात. बायपासनंतर गोड एकदम लहान आतड्यात उतरतं आणि शरीर तिकडे पाणी ओढून घेतं. त्या दिवसापासून मी कुणाच्या आग्रहाला नाही म्हणताना अवघडत नाही.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मी डॉक्टर नाही, माझ्यापुरतं सांगेन.

---

सायकलवाला_नाशिक

ताई, तुम्ही अगदी वेळेवर लिहिलंत. पुढच्या महिन्यात माझी स्लीव्ह आहे, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकायचं ऑपरेशन. वय ३९, वजन १३२, बीपीच्या दोन गोळ्या, साखर नाही. सायकल फक्त नावात उरली आहे, सहा वर्षांपूर्वी गुडघ्यांनी सोडायला लावली.

बायको घाबरली आहे. रोज रात्री विचारते, रद्द करायचं का. तिला हा धागा वाचायला दिला, बोंडल्यापाशी ती रडली.

माझे प्रश्न साधे आहेत. किती दिवसांनी कामावर गेलात? स्कूटर कधी चालवली? आणि विमा कंपनीने काय काय मागितलं? मला एजंट म्हणतो वजनाच्या ऑपरेशनला पैसे मिळतच नाहीत.

---

रानजाई

दादा, मी शाळेत तीन आठवड्यांनी गेले, पण पहिला आठवडा अर्धा दिवस. बसून काम असेल तर दोन आठवड्यांतही जातात. स्कूटर चौथ्या आठवड्यात. वजन उचलायला मात्र सहा आठवडे मनाई होती. गॅसची टाकी, पाण्याची कळशी, लहान मूल, काही नाही.

विम्याचं एजंटाला नीट माहीत नाही. नियामकाचे नियम स्पष्ट आहेत: वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त असेल तर शस्त्रक्रिया वगळता येत नाही. किंवा बीएमआय ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयाचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, किंवा उपचार करूनही आटोक्यात न येणारी साखर यांपैकी काही, आणि साध्या उपायांनी वजन उतरलेलं नाही असं असेल तर. त्यामुळे जुने आहारतज्ज्ञांचे कागद, जिमच्या पावत्या, वजनाच्या नोंदी सगळं जपून ठेवा. मला सात वर्षांपूर्वीच्या आहारतज्ज्ञांची फाइल माळ्यावरून काढावी लागली. पूर्वीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ तुमच्या पॉलिसीत संपला आहे का ते आधी बघा. आणि मंजुरी लेखी घ्या, फोनवर 'होऊन जाईल' म्हणतात त्यावर जाऊ नका. माझी पहिली मंजुरी एका चुकीच्या भरलेल्या उंचीमुळे नाकारली गेली होती, ती दुरुस्त करायला अकरा दिवस गेले.

---

भूलतज्ज्ञ_संभाजीनगर

उत्तम धागा. मी या शस्त्रक्रियांसाठी भूल देते, टेबलाच्या माझ्या बाजूने चार गोष्टी सांगते. सायकलवाले, तुमच्यासाठी विशेष.

आम्हाला सगळ्या गोळ्या सांगा. आयुर्वेदिक काढे, जिममधल्या पावडरी, झोपेची गोळी, सगळं. वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल, म्हणजे सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड, तर ते नक्की सांगा. त्यांनी जठर सावकाश रिकामं होतं, उपाशी असूनही पोटात अन्न राहू शकतं, आणि भुलीत ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. साखरेच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या किमान तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. पातळ आहारावर असताना त्या चालू राहिल्या तर साखर जवळजवळ ठीक दिसते आणि रक्तात आम्ल वाढत जातं. हे फसवं आहे, म्हणून सांगते. अर्थात बंद करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून.

सिगारेट, तंबाखू, मिस्री, गुटखा. किमान सहा आठवडे आधीपासून पूर्ण बंद, आणि नंतर कायम. धुरामुळे श्वासाचा त्रास होतोच, शिवाय जोडलेल्या जागी व्रण होतात, जखम भरत नाही. बायका मिस्री लपवतात. दातांवरून आम्हाला कळतं, पण तुम्ही सांगितलंत तर मदत करता येते. कोणी रागावणार नाही.

सीपॅपचं यंत्र असेल तर ते दवाखान्यात घेऊन या.

आता नंतरचं. पहिल्या दिवशी खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या वायूमुळे. चालल्यावर कमी होतो. पण नाडी सतत १२०च्या आसपास धावतेय, ताप आहे, पोटदुखी वाढत चालली आहे, दम लागतोय, उगाच घाबरल्यासारखं वाटतंय, यांपैकी काही असेल तर सकाळची वाट बघू नका. शिवलेल्या जागेतून गळती झाली तर ती बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत होते आणि नाडी सर्वात आधी बोलते. एक पोटरी सुजणं-दुखणं किंवा अचानक धाप लागणं म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते. म्हणून तर ऑपरेशनच्या संध्याकाळीच आम्ही उठवून चालवतो.

आणखी एक, जे पुष्कळदा राहून जातं. दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील तर 'नवीन पोट आहे, होणारच' म्हणून घरी बसू नका. शरीरातला बी-१चा, म्हणजे थायमिनचा साठा काही आठवड्यांत संपतो. मग पाय लटपटतात, एकाचे दोन दिसतात, माणूस गोंधळतो. हे कायमचं राहू शकतं. जवळच्या छोट्या दवाखान्यात गेलात तरी आधी सांगा की माझी वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन द्या. हे वाक्य कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

---

सह्याद्रीचा_वारा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. निरोगी जठर कापून फेकायचं? रोज सूर्यनमस्कार घाला, रात्रीचं जेवण सोडा, तोंडावर ताबा ठेवा. आमच्या आजीच्या वेळी कुणी पोट कापून घेत नव्हतं. लोकांना आयतं हवंय.

---

रानजाई

राग नाही मानत. पण उत्तर देते, कारण हे वाक्य मी स्वतःला पंधरा वर्षं ऐकवलं.

मी अकरा वेळा वजन उतरवलं आहे. एकदा २२ किलो, रोज पहाटे साडेचारला उठून चालून. ते २२ परत आले आणि वर सहा आणखी. वजन उतरलं की शरीर ते संकट समजतं, भुकेचं संप्रेरक वाढवतं, कमी खाण्यावर भागवायला शिकतं. ही लढाई काही लोक जिंकतात, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. माझ्या वडिलांना जमलं नाही. ते ५६व्या वर्षी गेले, शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर. त्यांना आयुष्यभर सगळ्यांनी तोंडावर ताबा ठेवायला सांगितलं. ते मान खाली घालून हो म्हणायचे. मला ते चित्र माझ्या लेकीला दाखवायचं नव्हतं.

आणि आयतं म्हणाल, तर पन्नास रेघा मारून बघा एक दिवस.

---

भूलतज्ज्ञ_संभाजीनगर

एक भर. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात आणि त्यात घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक तयार करणारा वरचा भाग जातो. बायपासमध्ये जठर काढत नाहीत, वर साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. म्हणून साखर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत सुधारू लागते. हा नुसता कमी जेवण्याचा परिणाम नसतो. स्वीडनमध्ये १९८७पासून शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या लोकांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला, केलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. या शस्त्रक्रियांच्या अमेरिकी आणि जागतिक संघटनांनी २०२२मध्ये निकष खाली आणले, आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५पासून विचार करता येतो, कारण आपल्याकडे कमी वजनातही साखर होते. विमा मात्र अजून ३५ आणि ४०वर थांबलेला आहे. ही दरी रोज बघते.

सूर्यनमस्कार चांगलेच. ते शस्त्रक्रियेनंतरही घालायचे आहेत.

---

पेठेतला_जुना

मला लिहावंसं वाटत नव्हतं, पण कुणीतरी दुसरी बाजू लिहायला हवी.

सहा वर्षांपूर्वी स्लीव्ह. १२६चे ८६ झालो. आज १०१ आहे. म्हणजे चाळीस गेले, पंधरा परत आले. पोट मोठं झालं का म्हणून तपासलं, फार नाही. झालं असं की मी जेवण कमी जेवतो, पण दुकानात बसल्या बसल्या दिवसभर काहीतरी चालू. शेव, चिवडा, दोन बिस्किटं, चहा. कुरकुरीत आणि गोड-मऊ गोष्टी छोट्या पोटातून सहज सरकतात, पोळी-भाजी अडते. मग हात सोप्या गोष्टीकडे जातो. कुणी मला सांगितलं नव्हतं असं नाही. दोन वर्षं सगळं छान चाललं होतं म्हणून मी तपासणीला जाणं बंद केलं.

त्याहून मोठी चूक गोळ्यांची. तिसऱ्या वर्षी जीवनसत्त्वांच्या गोळ्या सोडल्या, मला वाटलं आता कशाला. पाचव्या वर्षी पायांना मुंग्या, रात्री चप्पल पायातून निसटली तरी कळेना. बी-१२ तळाला गेलेलं. इंजेक्शनं झाली, मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे.

आणि छातीत जळजळ. स्लीव्हनंतर ही बऱ्याच जणांना होते, ज्यांना आधीपासून जास्त त्रास आहे त्यांना डॉक्टर बहुधा बायपास सुचवतात. मला आधी होती, मी सांगितली नव्हती. सायकलवाले, तुम्हाला असेल तर आजच सांगा.

तरीही विचाराल तर मी पुन्हा करेन. बीपीची गोळी एकच आहे, जिना चढतो, मुलीच्या लग्नात चार तास उभा होतो. गेल्या महिन्यापासून परत आहारतज्ज्ञांकडे जातोय. लाज वाटत होती, त्यांनी लाज वाटू दिली नाही.

---

सायकलवाला_नाशिक

काका, जळजळ आहे. आठवड्यातून तीन-चार रात्री. मी अॅसिडिटीची गोळी घेऊन झोपतो, कुणाला सांगितलं नव्हतं. उद्या फोन करतो. मनापासून आभार.

---

मोरपीस

माझं वय २९, पीसीओडी आहे, बीएमआय ४१. लग्नाला चार वर्षं झाली, बाळ हवंय म्हणूनच ऑपरेशनचा विचार चाललाय. सासरचे म्हणतात ऑपरेशन झालं की लगेच सहा महिन्यांत गोड बातमी द्या. कुणाला अनुभव?

---

भूलतज्ज्ञ_संभाजीनगर

मोरपीस, सहा महिन्यांत नको. १२ ते १८ महिने थांबा असं सांगतात, वजन स्थिरावेपर्यंत. भराभर वजन उतरताना बाळाला काय मिळणार? गंमत अशी की वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस पटकन जातात, त्यामुळे या काळात गर्भनिरोध नीट हवा. बायपासनंतर गोळ्यांवर विसंबू नये, दुसरं साधन स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. आणि पुढे दिवस गेल्यावर साखरेची ग्लुकोज पिऊन करायची तपासणी करू नका असं आवर्जून सांगा, बायपासवाल्यांना त्याने डंपिंग होतं. बोटातून घरी तपासून काम भागतं.

सासरच्यांना पुढच्या भेटीला सोबत घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं वेगळं पोचतं.

---

अबोली_मस्कत

माझी आई साताऱ्याला असते, वय ६२. तिची बायपास होऊन पाच महिने झाले. मी इकडे, फोनवरूनच सगळं. दोन काळज्या आहेत. केस मूठमूठ गळतायत, ती घाबरून म्हणते मला मोठा आजार लपवताय. आणि ती एकादशी, संकष्टी, गुरुवार सगळं धरते, ऐकतच नाही. उपवासाच्या दिवशी गोळ्याही घेत नाही, "उपाशीपोटी नको" म्हणून.

---

रानजाई

अबोली, केसांचं आईला सांगा की माझेही गेले. चौथ्या महिन्यात सुरू झालं, न्हाणीघराच्या जाळीत रोज गोळा व्हायचा. मोठं ऑपरेशन किंवा भराभर वजन उतरणं झालं की पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि तीन-चार महिन्यांनी गळतात. मुळं जिवंत असतात. माझे नवव्या महिन्यात कपाळाशी बारीक बारीक परत दिसायला लागले. फक्त प्रथिन, लोह पुरेसं जातंय ना ते तपासून घ्या, ते कमी असेल तर गळती लांबते.

उपवासाबद्दल मीही अडले होते. माझी संकष्टी लग्नाआधीपासूनची. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, चिकट, छोट्या पोटात गोळा होऊन बसतो, आणि दिवसभरात प्रथिन काहीच जात नाही. आमच्या सासूबाईंनी मार्ग काढला. दूध, ताक, दही, पनीर उपवासाला चालतं ना? मग संकष्टीला माझं तेच. सकाळी प्रोटीनचं दूध, दुपारी दह्यात कुस्करलेलं पनीर जिरं-मीठ घालून, संध्याकाळी ताक, थोडे भिजवलेले शेंगदाणे नीट चावून. गोळ्या औषध आहेत, त्यांनी उपवास मोडत नाही. हे सुनेने सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. तुमच्या आईशी माझ्या सासूबाईंना बोलायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, त्या आनंदाने बोलतील.

गोळ्यांचं वेळापत्रक मी फ्रिजवर लावलंय. लोह आणि कॅल्शियम एकत्र नाही, दोन तासांचं अंतर, नाहीतर एक दुसऱ्याला शोषू देत नाही. कॅल्शियम सायट्रेट बघून घ्या, साधं कार्बोनेट पचायला जठरातलं आम्ल लागतं. चहासोबत लोह नाही. आणि आईंना गुडघेदुखीवर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणायची सवय असेल तर ती मोडा, बायपासनंतर त्याने जोडावर व्रण होतो. पॅरासिटामॉल चालतं. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने एक गोळी देतात, ती चालू आहे का तेही विचारा.

---

अबोली_मस्कत

व्यनि केलाय. दह्यातलं पनीर आईला आजच सांगितलं. म्हणाली, "त्या बाईंनी चालतं म्हटलंय का?" म्हटलं हो. "मग चालेल."

---

मोरपीस

एक वेगळंच विचारते. तुम्हाला जेवणाची आठवण येते का? म्हणजे दुःख होतं का?

---

रानजाई

येते. दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी खाली कुणीतरी कांदाभजी तळत होतं, पाऊस होता, आणि मी हमसून रडले. भूक अजिबात नव्हती. आई गेल्यावर तिच्या खोलीचा दरवाजा उघडला की होतं तसं झालं होतं. सुखात, दुःखात, कंटाळ्यात जे सोबत होतं ते गेलं होतं. समुपदेशक बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या याला शोकच म्हणा आणि होऊ द्या. त्यांच्याकडे नंतर चार वेळा गेले. तुम्ही आधीच एखादी अशी व्यक्ती ठरवून ठेवा.

आता भजी खाते. एक. खाली बसून, चावून, दहा मिनिटं. कांदा इतका गोड लागतो हे मला आधी माहीत नव्हतं.

---

सायकलवाला_नाशिक

धागा वर काढतोय.

जळजळ सांगितल्यावर एंडोस्कोपी पुन्हा नीट बघितली, हर्निया निघाला, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला. स्लीव्हऐवजी बायपास ठरली. विम्याची मंजुरी नवीन घ्यावी लागली, त्यात तीन आठवडे गेले. परवा ऑपरेशन झालं. काल संध्याकाळपासून कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारतोय, आज सकाळी नववी. खांदा दुखतोय, नाडी ८८, ताप नाही, सिस्टरना विचारून घेतलं.

बायकोने बाजारात बोंडलं शोधलं, चांदीचं परवडलं नाही, स्टीलचं मिळालं. पाकिटात थायमिनची चिठ्ठी तिच्या अक्षरात आहे. वहीत रेघा तीच मारतेय.

---

रानजाई

खूप खूप बरं वाटलं दादा. वहिनींना माझा नमस्कार सांगा. आज किती रेघा झाल्या?

---

सायकलवाला_नाशिक

अकरा. दुपारचे दीड वाजलेत. बारावं बोंडलं हातात आहे.